विमलकाकूंचं इंग्रजी

विमलकाकूंच्या इंग्रजीला मी हात लावला ते बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. इंग्रजी शिकवणं हा माझा पोटाचा धंदा. अमरावतीच्या एका कॉलेजात सतरा वर्षं मी मुलांच्या वाक्यांतल्या चुका काढते आहे, आणि चूक कशाला म्हणायचं याबद्दल मला कधी फारशी शंका आली नव्हती. ती काकूंमुळे आली, आणि आली ती गेलीच नाही.

आमच्या गल्लीत उजव्या हाताचं तिसरं घर काकूंचं. पुढच्या खोलीत शिवणक्लास, मागे संसार. माहेर चांदूर बाजारचं, माळ्याचं. लहानपणी पहाटे उठून शेवंतीचे हार गुंफलेले. दोऱ्याशी दोस्ती तिथूनच, असं त्या म्हणत. शिक्षण दहावी पास. नवरा, म्हणजे नामदेवकाका, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर दिवसभर ओट्यावर पेपर वाचत बसत आणि दर अर्ध्या तासानं आतल्या बाजूला बघून एकच वाक्य बोलत, "चहा झाला का वो?" काकू आतून ओरडत, "झाला, पेला बी तुमी!"

मी पुण्याहून इथं नोकरीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ब्लाऊज शिवायला त्यांच्याकडे गेले. दारात उभी राहिले. काकूंनी मशीनवरून मान वर केली आणि म्हणाल्या, "कायले आल्या?"

मला वाटलं, हाकलतायत. मी "काही नाही, नंतर येते" म्हणून मागं फिरले. चार पावलं गेले नाही तोच काकू हातात कात्री घेऊन रस्त्यावर. "अवं मॅडम, इचारलं तं पळून कायले राहिल्या?" मला दंडाला धरून आत नेलं, स्टुलावर बसवलं, चहा पाजला आणि मापं घेतली. त्यांचं "कायले आल्या" म्हणजे आमच्याकडचं "या, या" होतं, हे समजायला मला चार-सहा महिने लागले.

सुया त्या पदराच्या काठाला टोचून ठेवत, ओळीनं, जाडीप्रमाणे. त्यामुळे त्यांना कुणी मिठी मारायला धजत नसे, आणि त्यांचीही तशी काही अपेक्षा नसे. सुईत दोरा ओवताना फोन वाजला तर त्या घेत नसत. बिघडलेलं मशीन कुणी आणलं की आधी त्याला काहीच करायचं नाही, नुसतं चाक फिरवायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. मग निदान. आणि निदान म्हणजे निकाल, त्यावर अपील नाही. गल्लीतल्या एका बाईंचं मशीन टाके सोडत होतं. त्या म्हणाल्या, "काकू, मशीनच जुनं झालंय." काकूंनी चाक फिरवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मशीन बरोबर हाये. तुमचा पाय खराब हाये. एक दाबता अन् एक सोडता." बाई लाल झाल्या. पण दुसऱ्या दिवशी पाय सुधारून आल्या.

"मशीन खोटं नाई बोलत मॅडम," काकू म्हणायच्या. "मानूस बोलते."

काकू जगात कशा गेल्या त्याला निमित्त झालं बाळापूरच्या एका घरातलं हातमशीन. शंभरेक वर्षांचं, परदेशी, काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी. त्याला खालच्या दोऱ्यासाठी होडीच्या आकाराचं शटल लागतं, ते हरवलेलं. काकूंनी अमरावती पालथी घातली, नागपूरला विचारलं, शटल मिळेना. तेव्हा अकोल्याची त्यांची मुलगी मनीषा सुट्टीत आली होती. तिनं आईच्या फोनवर शोधून एक ग्रुप काढून दिला. जगभरातले लोक त्यावर आपापल्या जुन्या शिलाई मशीनचे फोटो टाकायचे, अडलेलं विचारायचे, माहीत असलेलं सांगायचे. हजारो माणसं, पन्नासेक देशांतली, आणि सगळ्यांनी बोलायचं इंग्रजीत.

शटल मिळालं का, तर नाही. पण काकू तिथंच राहिल्या. लोकांचे प्रश्न वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आलं की यांची उत्तरं आपल्याला येतात.

मग त्या लिहायला लागल्या. दहावीचं इंग्रजी, मशीनसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकांतले शब्द आणि बाकी हिंमत. भाषांतराचं ॲप मनीषानं फोनवर घालून दिलं होतं, पण काकूंनी ते एकदाच वापरलं. कापड पुढे सरकवणाऱ्या पट्टीला आपण मशीनचे दात म्हणतो. दातात धूळ अडकली आहे, दात घासा, असं काकूंनी मराठीत लिहिलं, आणि ॲपनं त्या परदेशी बाईंना रोज दोनदा ब्रश करण्याचा सल्ला दिला. त्या दिवसापासून काकूंनी ते बंद केलं. "मायाजवळ हायेत तेवढे शब्द मले पुरतात," म्हणाल्या.

आणि पुरत होते, हे मला मान्य करावं लागेल. मी त्यांचं लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं तेव्हा एका ओळीत पाच चुका मोजल्या. पण बाई काय सांगते आहे हे कळू न देणारी त्यात एकही नव्हती. कुणीतरी गंजलेला स्क्रू पान्यानं जोर लावून काढत होता. काकूंनी लिहिलं होतं, "डोन्ट फोर्स. गिव्ह ऑइल. वेट वन डे. फोर्स मीन्स मशीन विल क्राय."

जोर लावाल तर मशीन रडेल. हे वाक्य त्या ग्रुपवर असं पसरलं की विचारू नका. कुणीही काही उघडायला निघालं की खाली दहाजण लिहायचे, मशीन विल क्राय. एकानं ते वाक्य कापडावर भरतकामात उतरवून आपल्या दुकानात टांगलं आणि त्याचा फोटो टाकला. काकूंनी तो फोटो गल्लीभर दाखवला. नामदेवकाकांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "शिवन चांगली हाये."

मी मात्र खालच्या प्रतिक्रिया वाचत होते. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग होती. हे लोक काकूंवर खूश होऊन हसतायत की काकूंना हसतायत, मला कळेना. इतकी वर्षं इंग्रजी वाचून मला ते कळू नये याची जरा लाजही वाटली.

पुढे एकानं सरळच लिहिलं. सल्ला द्यायचा तर आधी भाषा शिकून या, तुमच्या असल्या वाक्यांनी कुणाचं तरी मशीन मोडेल. त्यावर ग्रुप पेटला. त्याच्यावर वीस-पंचवीस लोक तुटून पडले. ही बाई मनापासून प्रयत्न करते आहे, तुम्हाला तिची भाषा येते का, तिचं इंग्रजी किती क्यूट आहे, ते तसंच राहू द्या. काकूंनी मला बोलावून सगळं वाचून घेतलं. ओट्यावर दुपारचं ऊन होतं. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"क्यूट म्हंजे?"

"म्हणजे गोड. छान वाटतं, असं."

"लहान्या पोराले म्हन्तात थे ना?"

"हो, म्हणजे... बहुतेक वेळा."

काकूंनी दोन-तीन शेंगा सोलल्या. "मी बासष्ट वर्साची हाये," म्हणाल्या. "अन् थो शिव्या देनारा, त्यानं तं मले मोठ्या मानसावानी धरलं. चुकीचं बोलला, पन मायासंगं बोलला. हे बाकीचे मायाबद्दल बोलून राहिले. मी अठीच हाये ना, समोर?"

पण ज्यांनी काकूंची बाजू घेतली ते लोक खरोखरच चांगले होते.

त्या ग्रुपवर काकूंचं सगळ्यात जमलं ते ओस्वाल्दो नावाच्या एका म्हाताऱ्याशी. ब्राझीलचा, शिंपीच. त्याचं इंग्रजी काकूंपेक्षा कच्चं. तो क्रियापद लिहायचाच नाही. "माय मशीन, बिग नॉइज, लेफ्ट." काकू लिहायच्या, "नॉइज कमिंग ऑर नॉइज going" असं काहीतरी, आणि त्यातला शेवटचा शब्द कधी इंग्रजी अक्षरांत, कधी मराठी अक्षरांत असायचा. त्याला सगळं समजायचं. मी दोघांचा संवाद वाचला की मला डोकेदुखी व्हायची, आणि तिकडे मशीन दुरुस्त झालेलं असायचं.

मग हेलनचं प्रकरण झालं.

हेलन नावाच्या एका बाईंनी लिहिलं की, आई नुकतीच गेली, तिचं मशीन माझ्याकडे आलं आहे, तिनं अर्धवट ठेवलेली गोधडी मला पुरी करायची आहे, पण दोरा सारखा तुटतो. सोबत छोटा व्हिडिओ. लोकांनी हळहळ व्यक्त केली, आईच्या आठवणी विचारल्या. काकूंनी व्हिडिओ तीनदा पाहिला. सुई उलटी बसवलेली होती. काकूंनी लिहिलं, "मशीन हॅज नो फॉल्ट. फॉल्ट इज इन यू. नीडल इज ऑपोझिट."

मशीनमध्ये खोट नाही, खोट तुझ्यात आहे.

हेलननं उत्तर दिलं की, या आठवड्यात मला हे ऐकण्याची गरज नव्हती. आणि ती ग्रुप सोडून गेली.

दोन दिवसांनी काकूंना ॲडमिनचं पत्र आलं. त्या ते घेऊन माझ्याकडे आल्या, चेहरा उजळलेला. "मॅडम, वाचा बरं. कौतुक करून राहिले ना?"

मी वाचलं. लांबलचक, अतिशय सभ्य पत्र होतं. तुमच्या ज्ञानाची आम्हाला फार कदर आहे, तुम्ही आमच्या परिवाराचा मोलाचा भाग आहात. तरी काही सदस्यांना तुमच्या शब्दांमुळे कदाचित थोडं अस्वस्थ वाटलं असावं. आपण सगळेच याचा विचार करू शकलो तर किती छान होईल.

"काकू, हे कौतुक नाही. ही वॉर्निंग आहे."

"वॉर्निंग?" काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा वर-खाली केला. "कुठी लिवली?"

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांना ती दिसेना. मी समजावून सांगितलं की इंग्रजीत राग असा गुंडाळून देतात. काकू म्हणाल्या, "अवं माय. म्हंजे मी सरळ बोलली तं त्याईले शिवी वाटली, अन् थे शिवी देऊन राहिले तं मले कौतुक वाटलं. मंग इंग्रजी कोनाचं खराब हाये?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तिची माय मेली थे मी वाचलं होतं. म्हनून तं लवकर लिवलं. रडत बसन्यापेक्षा गोधडी शिवून होईन म्हन्लं. सुई फिरवली असती तं झालं असतं ना." पदराच्या काठाची एक सुई काढून त्यांनी परत टोचली. "फिरवली असंन का वो तिनं?"

त्या दिवसापासून काकूंचं लिहिणं माझ्या हातून जाऊ लागलं. मीच म्हटलं तसं. मला वाटलं, कधीकाळी उंबऱ्यातून पळालेली मी, मला दोन्हीकडचं कळतं. मी मध्ये उभी राहिले तर कुणी दुखावणार नाही. सुरुवातीला मी स्वतः बसून लिहायची. काकू सांगायच्या आणि मी त्यात "कदाचित", "शक्य असल्यास", "माझ्या अल्प अनुभवानुसार" घालायची.

"कदाचित कायले?" काकू भांडायच्या. "मले पक्कं माहीत हाये."

"तसं म्हणायचं असतं काकू."

"माहीत असून माहीत नाई म्हनाचं?"

"हो."

"बरं बाप्पा. लिवा."

मग परीक्षेचे पेपर तपासायला आले. माझ्याजवळ वेळ उरला नाही. हल्ली फोनमध्ये लिहून देणारी यंत्रं आहेत. माझे विद्यार्थी ती माझ्यापासून लपून वापरतात आणि मी त्यांना रागावते. तेच यंत्र मी काकूंसाठी वापरायला लागले. काकूंनी सांगितलेलं दोन ओळींत टाकायचं, सभ्य आणि सविस्तर करून दे म्हणायचं, आलेलं ग्रुपवर चिकटवायचं. पाच मिनिटांत काम. काकूंना मी ते सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. सांगायचं राहिलं, असं मी स्वतःला सांगत होते.

ग्रुपवर लोकांनी आधी अभिनंदन केलं. विमल, तुमचं इंग्रजी किती सुधारलं! काकूंनी मला नारळाची बर्फी आणून दिली. ती खाताना मला घास गोड लागेना.

आणि मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या.

ओस्वाल्दोच्या मशीनचा खालचा दोरा सैल येत होता. शटलवर एक पातळ पट्टी असते, तिला तिळाएवढा एक स्क्रू. काकूंनी मला ओट्यावरून सांगितलं, "स्क्रू अर्धा फेरा फिरव म्हना. काढू नोको म्हना, फक्त अर्धा फेरा." मी घाईत होते. यंत्राला लिहिताना "स्क्रू फिरवून पट्टी नीट करणे" एवढंच टाकलं. त्यानं सुंदर परिच्छेद लिहिला. पायऱ्या पाडून, शुभेच्छा देऊन. त्यातली दुसरी पायरी होती, स्क्रू पूर्ण काढून बाजूला ठेवा. मी वाचलं नाही. चिकटवलं.

ओस्वाल्दोनं स्क्रू काढला. तो फरशीवर पडला आणि गेला. त्यानं फोटो टाकला; म्हातारा आणि त्याची बायको दोघं जमिनीवर गुडघे टेकून भिंग घेऊन शोधतायत. खाली लिहिलं होतं, "विमल, स्क्रू नो. मशीन क्राय."

तो फोटो बघून काकू माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. "मी काढू नोको म्हन्लं होतं का नवतं?"

"तुम्ही म्हणाला होतात."

"मंग तुमी काय लिवलं?"

मी खरं सांगितलं. यंत्राचं, पेपरांचं, न वाचण्याचं. काकू ऐकत होत्या. त्यांचा चेहरा मी कधी इतका शांत पाहिला नव्हता. "तुमी वाचलं बी नाई?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. त्या गेल्या.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट. कुणीतरी काकूंचं जुनं आणि नवं लिखाण शेजारी शेजारी ठेवून विचारलं की, ही बाई कुठे गेली? हे माणसाचं लिहिणं नाही, यंत्राचं आहे. हिच्या सल्ल्यावर विश्वास कसा ठेवायचा? ओस्वाल्दोचा स्क्रू पुरावा म्हणून हजर होताच. ग्रुपमध्ये यंत्रानं लिहिलेलं टाकायचं नाही असा नियम झाला होता. ॲडमिननं काकूंचं खातं थांबवलं. या वेळचं पत्र आखूड होतं आणि त्यातली वॉर्निंग काकूंनाही दिसली. तुम्ही खरी व्यक्ती आहात याची खात्री पटवा.

मला हे नामदेवकाकांकडून कळलं. काकू तीन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. चौथ्या दिवशी मीच गेले. क्लासच्या मुली गेलेल्या होत्या. काकू एका बामच्या डबीतले बारीक स्क्रू ताटलीत ओतून, एकेक उचलून पाहत होत्या.

"आधी म्हने इंग्रजी नीट लिवा," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "नीट लिवलं तं म्हने तू मानूसच नाईस. आता मी काय लिवू थे सांगा. तुमी शिकवता ना?"

मी म्हटलं, चूक माझी आहे, मी ॲडमिनला पत्र लिहिते, सगळं समजावून सांगते.

"नोको." काकूंनी एक स्क्रू चिमटीत धरला, उजेडाकडे नेला. "तुमी नोको लिवू."

त्यांना पाहिजे तो स्क्रू त्या डबीत होता. पाकिटात तो हरवू नये म्हणून त्यांनी बोटाच्या पेराएवढी कापडाची पिशवी शिवली, तिला चारी बाजूंनी टीप मारली आणि ती एका पुठ्ठ्यावर टाचली. पोस्टात मी सोबत गेले; त्यांनी नको म्हटलं नाही, एवढ्यावर मी आनंद मानला. परदेशी पाठवायचं म्हणून फॉर्म भरायचा होता. आत काय आहे, त्याचं इंग्रजीत वर्णन करा. मी पेन काढलं, पण काकूंनी फॉर्म स्वतःकडे ओढला आणि लिहिलं, "वन स्क्रू. व्हेरी स्मॉल. व्हेरी इम्पॉर्टन्ट." खिडकीमागच्या माणसानं वाचलं, काकूंकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

ॲडमिनसाठी काकूंनी व्हिडिओ केला. फोन धरायला मी उभी होते. तेवढंच काम मला दिलं गेलं. सकाळचे अकरा वाजले होते. मागे सात मशीनं, भिंतीवर कागदाचे कटिंगचे नमुने. काकू स्टुलावर ताठ बसल्या, पासपोर्टच्या फोटोला बसतात तशा. बाळापूरचं ते हातमशीन पुढ्यात घेतलं होतं. शेवटी त्याचं शटल त्यांनी दुसऱ्या एका मशीनचं घासून बसवलं होतं.

"आय ॲम विमल," त्या म्हणाल्या. "आय ॲम नॉट मशीन. आय रिपेअर मशीन. बॅड इंग्लिश इज माइन. गुड इंग्लिश इज ऑफ मॅडम." इथं त्यांनी माझ्याकडे, म्हणजे फोनकडे, बोट दाखवलं. "मॅडम इज गुड वुमन. मॅडम वॉज बिझी. स्क्रू इज माय फॉल्ट, बिकॉज माय नेम वॉज देअर. ओस्वाल्दो, स्क्रू इज कमिंग बाय पोस्ट." मग आवाज खाली आणून, "हेलन इज नॉट देअर. इफ समबडी नोज हेलन, टेल हर, नीडल, फ्लॅट साइड लेफ्ट. अँड सॉरी फॉर मदर."

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "चहा झाला का वो?" मी व्हिडिओ थांबवायला गेले. काकूंनी हातानं राहू दे म्हटलं आणि चाक फिरवून चार इंच टीप घालून दाखवली.

खातं सुरू झालं. चारशेवर प्रतिक्रिया आल्या. कुणी लिहिलं, आमची विमल परत आली. कुणी लिहिलं, रडू आलं. एकानं लिहिलं की भावना ठीक आहेत, पण मला या बाईंचं निम्मं अजूनही समजत नाही आणि तसं म्हणणं हा गुन्हा नसावा. त्याचंही मला खोटं वाटलं नाही. क्यूट हा शब्द मी अकरा वेळा मोजला आणि मोजणं सोडून दिलं. काकूंनी कुणालाही उत्तर दिलं नाही. ओस्वाल्दोला स्क्रू दीड महिन्यानं मिळाला. त्यानं शिवलेल्या टिपेचा फोटो टाकला, खाली एक शब्दही नाही.

आणि एके दिवशी हेलनचं उत्तर आलं. कुणीतरी तिला व्हिडिओ पाठवला होता. दोनच वाक्यं. सुईबद्दल तुमचं बरोबर होतं. तरीही ते बोलणं लागायचं ते लागलंच.

काकूंनी मला बोलावलं. बऱ्याच दिवसांनी "मॅडम, या बरं" अशी हाक आली. मी वाचून दाखवलं.

"म्हंजे राग गेला का नाई?"

मी पुन्हा वाचलं. क्रियापदाचा काळ पाहिला, "तरीही" कुठं आहे ते पाहिलं. पूर्ण बरोबर इंग्रजी होतं, एकही चूक नव्हती.

"मला नाही कळत काकू," मी म्हटलं.

"तुमाले बी नाई?"

"नाही."

काकूंनी मान डोलावली. त्यांना त्यातून कसलं तरी समाधान मिळालं असं मला वाटलं. "गोधडी झाली असंन," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढच्या वर्षी नामदेवकाकांचे गुडघे फारच दुखायला लागले. दोघं मनीषाकडे अकोल्याला राहायला गेले. क्लास बंद झाला. पाच मशीनं मुलींनी नेली, दोन काकूंसोबत गेली. आमच्या त्यांच्यात फोन व्हायचा, पण काकू फोनवर बोलायच्या म्हणजे "बरं हाये, ठेवते."

गेल्या हिवाळ्यात पेपर तपासणीच्या कामाला अकोल्याला गेले होते तेव्हा दुपारी त्यांच्याकडे डोकावले. मनीषानं दार उघडलं. नामदेवकाका आत झोपले होते. काकू खिडकीशी बसल्या होत्या, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून. मला पाहून म्हणाल्या, "कायले आल्या?" आणि शेजारची खुर्ची पायानं पुढे सरकवली.

ग्रुपवर व्हिएतनामची एक नवी बाई आली होती. तिनं मशीनचा फोटो टाकून काहीतरी विचारलं होतं. काकूंनी फोन माझ्यापुढे धरला. "हे पाहा. काय लिवलं थे तुमाले समजते का?"

मी वाचलं. शब्द इंग्रजी होते, पण कोणता कोणाला धरून आहे ते लागेना. पट्टा म्हणत होती की पट्टी, मशीन चालत नव्हतं की थांबत नव्हतं, काही कळेना.

"नाही बुवा."

"मले बी नाई." काकूंनी फोन मांडीवर ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "लय खराब इंग्रजी हाये वो हिचं. थोडं शिकून तं यावं ना मानसानं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा करताहेत का, ओठाच्या कोपऱ्यात काही हलतंय का. काही हललं नाही. मनीषा चहा ठेवून गेली. काकूंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर नीट बसवला आणि एकेक अक्षर शोधत लिहायला लागल्या. बराच वेळ लागला. माझा चहा संपला, त्यांचा तसाच राहिला. मी वाकून पाहिलं.

"सिस्टर," त्यांनी लिहिलं होतं, "से अगेन. स्लो. आय ॲम हिअर."

माझी बस साडेचारला होती. निघते म्हणाले तर त्यांनी फोनवरची नजर न काढता नुसता हात वर केला.